आम्हाला बरं करणं थांबवा: मराठी मालिका-सिनेमावाल्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठी मालिका आणि सिनेमे लिहिणारे, बनवणारे, आणि चॅनेलमध्ये बसून ट्रॅक पास करणारे सगळे,

स.न.वि.वि.

मी सांगलीत राहते, वय ३४, एका सीएच्या ऑफिसात टॅली आणि जीएसटीचं काम बघते, आणि मी ऑटिस्टिक आहे, म्हणजे आवाज, स्पर्श, माणसांचं बोलणं हे सगळं माझा मेंदू जन्मापासून वेगळ्या पद्धतीने घेतो. माझा भाचाही ऑटिस्टिक आहे, तो आठ वर्षांचा. निदान आधी त्याचं झालं. ताईबरोबर मी डॉक्टरांकडे गेले होते, तिथे ते एकेक प्रश्न विचारत होते की कपड्याचं लेबल टोचतं का, ठरलेला रस्ता बदलला तर त्रास होतो का, खेळणी ओळीने लावतो का, आणि मी मनातल्या मनात माझीच उत्तरं देत बसले होते. पुढच्या वर्षी माझंही निदान झालं, तेव्हा मी २९ ची होते. म्हणजे या विषयावर बोलायला मला कुणाची परवानगी लागू नये असं मला वाटतं.

पत्राचं कारण तुमची एक मालिका. नाव लिहीत नाही कारण नाव लिहिलं की भांडण त्या एका मालिकेचं होतं आणि बाकीचे सगळे सुटतात. त्यात हिरोचा धाकटा भाऊ ऑटिस्टिक दाखवलाय. प्रोमो आला तेव्हा मी खूश झाले होते, खोटं कशाला सांगू. मग एपिसोड सुरू झाले. तीस वर्षांचा बाप्या, मान तिरकी, हातात टेडी, प्रत्येक वाक्य तीनदा, आणि अख्ख्या घराला न सुटलेलं कोडं हा एका सेकंदात सोडवणार. चार महिने हे चाललं. मग गेल्या महिन्यात व्हिलनच्या माणसांनी त्याला जिन्यावरून ढकललं, डोक्याला मार लागला, वहिनी रात्रभर देवीपुढे बसली, आणि सकाळी हा उठला तो थेट "वहिनी, मी बरा झालो" म्हणतच. मान सरळ, टेडी गायब, घरात आरती.

आई माझ्या शेजारीच बसली होती. तिचे डोळे भरले होते आणि पदराने ते पुसता पुसता तिने हळूच माझ्याकडे बघितलं. बोलली काहीच नाही. पण तिला हे पटवून द्यायला मला पाच वर्षं लागली होती की हा आजार नाही, मी जन्मापासून अशीच आहे, यातून बरं व्हायचं नसतं. ती पाच वर्षं तुम्ही बावीस मिनिटांत पुसून टाकलीत. दुसऱ्या दिवशी ताईच्या सासूबाईंचा फोन, की पोराला एकदा देवीला नेऊन आणा, बघा की त्या मालिकेत कसं झालं. ताईने फोन ठेवला आणि अर्धा तास कुणाशी बोलली नाही.

तुम्ही म्हणाल मालिका आहे, करमणूक आहे, लोकांना कळतं. लोकांना नाही कळत. म्हणजे लग्न मोडणं, सासू, इस्टेट हे लोकांनी घरात बघितलेलं असतं त्यामुळे तुम्ही किती वाढवून दाखवलंय ते त्यांना कळतं. ऑटिझम बऱ्याच जणांनी फक्त तुमच्याकडेच बघितलाय, ताडून बघायला दुसरं काही नाहीच.

आणि मी काय मालिकांची दुश्मन नाही. उलट मी बोलायला तुमच्याकडूनच शिकले. १९९९ ला आभाळमाया लागली तेव्हा मी आठ वर्षांची होते, आजचं झी मराठी तेव्हा अल्फा होतं, आणि नंतर वादळवाट. दोन माणसं समोरासमोर उभी राहून कशी बोलतात, कुणी रडलं तर काय म्हणायचं, पाहुणे निघताना दारात काय बोलायचं, हे बाकीच्या पोरींना आपोआप येत होतं, मी मालिकेतून पाठ करायचे. वाक्यं वहीत लिहून ठेवलेली. मैत्रिणीचे आजोबा वारले तेव्हा मी तिला जे बोलले ते एका एपिसोडमधलं जसंच्या तसं होतं, तिला ते खूप आवडलं, अजून आठवण काढते. भाच्याचंही तेच. तो फार बोलत नाही, पण भूक लागली की एका बिस्किटाच्या जाहिरातीतली ओळ म्हणतो, अगदी त्याच सुरात. त्याला एकोलालिया म्हणतात. ती ओळ म्हणजे "मला भूक लागलीय" असं वाक्य आहे, घरात सगळ्यांना कळतं. तुमच्या मालिकेत तीनदा बोलणं फक्त हसवायला होतं, मागे ते टिंगटिंग म्युझिक.

आता तक्रारी. ऑफिसात मी मुद्देसूद मेल लिहिते म्हणून सगळे हसतात, इथे जरा विस्कळीत होईल कारण राग आहे.

सगळ्यात आधी हे बरं करण्याचं खूळ. हे तुम्ही काढलेलं नाही, मान्य. कोई मिल गया २००३ चा. त्यातला रोहित ऑटिस्टिक नव्हता, पण परग्रहावरचा जादू आला आणि सगळं नीट झालं हे आमच्या पिढीच्या डोक्यात तिथनं बसलंय. शाळेत पोरं मला विचारायची तुझा जादू कधी येणार. आणि त्याच्या आधी आपल्याकडे चौकट राजा होता, १९९१ चा. दिलीप प्रभावळकरांचा नंदू बघून आजही माझ्या घशात आवंढा येतो, काय काम केलंय त्या माणसाने. तोही ऑटिस्टिक नव्हे, लहानपणीच्या अपघातामुळे मागे राहिलेला. पण झालं काय, गतिमंद, ऑटिस्टिक, डाऊन सिंड्रोम, फिट येणारा, सगळ्यांना मराठी घरात एकच साचा बसला. आमच्या गल्लीत कुणी जरा वेगळं वागलं की चौकट राजा. ते १९९१ होतं. तेव्हा ऑटिझम हा शब्द आपल्या कायद्यातही नव्हता, १९९५ च्या अपंग कायद्यातसुद्धा सात प्रकार होते आणि त्यात आम्ही नव्हतो. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले, त्यात आम्ही स्वतंत्र आहोत, वेगळ्या नावाने. मग आज लिहिताना तरी सगळं एका भांड्यात ढवळायचं कशाला?

दुसरं टोक म्हणजे कॉम्प्युटर डोकं. हे रेन मॅनपासून. १९८८ चा सिनेमा, डस्टिन हॉफमनला ऑस्कर, सिनेमालाही ऑस्कर, जमिनीवर सांडलेल्या दात कोरायच्या २४६ काड्या त्याचा ऑटिस्टिक रेमंड एका नजरेत मोजतो तो सीन सगळ्यांना पाठ. त्या सिनेमामुळे जगाला ऑटिझम हा शब्द कळला हे खरंच आहे, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण ज्या किम पीकवरून लेखकाला ती गोष्ट सुचली तो माणूस ऑटिस्टिक नव्हता, त्याची अवस्था वेगळी होती असं नंतर डॉक्टरांचं मत पडलं. म्हणजे बघा, सगळ्या जगाने ऑटिझम म्हणून जे डोक्यात घेतलं त्याचं मूळच दुसरीकडचं. अशी अफाट स्मरणशक्ती असणारे लोक आमच्यात आहेत, पण थोडेच. बाकीच्यांकडे काही नाही. मला पाढे वीसपर्यंतच येतात. भाच्याच्या शाळेत एका बाईंनी ताईला विचारलेलं, "मग याचं टॅलेंट काय?" ताई म्हणाली, त्याला पाण्यात दगड टाकायला आवडतं. बाईंचा चेहरा पडला. आठ वर्षांच्या पोराला निव्वळ शाळेत बसायला मिळावं म्हणून टॅलेंट असावं लागतं, ही अट कुठून आली? २०२५ ला तन्वी द ग्रेट आला, सियाचीनला जाऊन झेंड्याला सॅल्यूट करायचा ध्यास घेतलेली ऑटिस्टिक पोरगी, टायटलमध्येच ग्रेट. मला तन्वी नुसती असलेली बघायचीय. बँकेत पासबुक भरायला गेलेली.

माय नेम इज खानबद्दल माझं मन दोन बाजूंनी ओढतं. २०१० चा, तेव्हा मी कॉलेजात होते, मला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं, आणि थिएटरात मी का रडत होते तेही माहीत नव्हतं. त्यातला ऑटिस्टिक रिझवान स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो, लग्न करतो, बायकोवर रुसतो, अख्खा देश फिरतो. हे किती मोठं आहे ते मला आत्ता कळतं. पण त्याला पिवळा रंग सहन होत नाही असं दाखवलंय, आणि निदान झाल्यावर मी पहिल्यांदा ऑफिसात सांगितलं तर एकीचा पहिला प्रश्न, "तुला पिवळं चालतं का गं?" चालतं. मला चालत नाही ते ट्यूबलाइटचं गुणगुणणं, जे तुम्हाला ऐकूच येत नाही. आणि दुसऱ्या एका डॉक्टरांनी, नाव नको, मला सांगितलं की तुम्ही डोळ्यात बघून बोलता, नोकरी करता, तुम्हाला कसला ऑटिझम. डोळ्यात नाही बघत मी, भुवयांच्या मध्ये बघते, हे मालिकेतल्या नट्यांकडून शिकलेय. बायकांचं निदान उशिरा होतं त्याचं एक मोठं कारण हेच, आम्ही लपवायला शिकतो. संध्याकाळी घरी आल्यावर मी तासभर अंधारात पडलेली असते तो लपवण्याचा हिशेब. हे तुमच्या कुठल्याही मालिकेत मी बघितलेलं नाही. तुमच्याकडे ऑटिस्टिक म्हणजे मुलगा किंवा पोरगेला बाप्या. चाळीस वर्षांची, दोन पोरांची ऑटिस्टिक आई तुम्ही कधी लिहिलीय का, जिला कुकरच्या शिट्टीची धास्ती आहे आणि रोज कुकर लावावा लागतो?

आता जे सगळ्यात जास्त लागतं ते. आमचं तुमच्या गोष्टीत काम काय असतं? दुसऱ्याला सुधारायचं. रेन मॅनमध्ये रेमंड शेवटी जिथून आला तिथेच परत जातो, माणूस होतो तो त्याचा भाऊ चार्ली. बर्फीतली ऑटिस्टिक झिलमिल मला फार आवडते, चिडकी आहे, हट्टी आहे, तिचं प्रेम तिचं तिचं आहे, तरी गोष्ट सांगायला श्रुती लागते, जी ऑटिस्टिक नाही. सितारे जमीन परमध्ये दहा न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे मेंदू वेगळ्या पद्धतीने चालणारे, कलाकार खरेखुरे घेतले, २०२५ मध्ये हिंदीत एवढ्या मोठ्या स्टारच्या सिनेमात हे झालं, मी दोनदा बघायला गेले. पण मूळ स्पॅनिश सिनेमासारखंच इथेही सुधारतो तो त्यांना शिकवणारा कोच. आणि तुमच्या मालिकेत तर आमचा उपयोग एवढाच की वहिनी किती सोशिक आहे हे दिसावं. त्या दिराला काय वाटत होतं? एक सीन नाही. जिन्यावरून पडला तेव्हा त्याला दुखलं का हेसुद्धा नाही, डायरेक्ट वहिनीचा क्लोजअप.

मेल्टडाउन, म्हणजे आवाज-गर्दी असह्य होऊन स्वतःवरचा ताबा सुटणं, तुम्ही कसा दाखवता तेही सांगते. भाच्याचं सांगते, ऐका. दोन वर्षांपूर्वी मिरजेला नात्यात लग्न होतं. वरात आली, बेंजो सुरू झाला, वर फटाके. हा आधी कानावर हात ठेवून उभा राहिला, मग टेबलाखाली गेला, मग जमिनीवर पडून ओरडायला लागला. दोन मिनिटांत भोवती तीस माणसं. कुणी म्हणालं फिट आली, कुणी कांदा आणला, एकाने चप्पल नाकाला लावली, आणि एक काका, चांगला माणूस, मनाने वाईट नाही, त्याने पोराला पालथं पाडून पाठीवर गुडघा ठेवला आणि दोन्ही हात धरले. ताई किंचाळत होती की सोडा, त्याला श्वास घेता येत नाहीये. काका म्हणत होता, "अगं असंच धरायचं असतं, टीव्हीत बघितलंय." २०२१ ला सिया या गायिकेच्या म्युझिक नावाच्या सिनेमात ऑटिस्टिक मुलीला असंच दाबून धरलेलं दाखवलं होतं, ऑटिस्टिक लोकांनी रान उठवलं, तिला माफी मागावी लागली आणि ते सीन काढू म्हणावं लागलं. कारण असं दाबल्याने जीव जाऊ शकतो. त्या दिवशी भाच्याला लागत काय होतं? बेंजोपासून लांब एक खोली, दिवे बंद, आणि कुणीही न बोलणं. हॉलच्या मागच्या भांड्यांच्या खोलीत ताईने त्याला नेलं, वीस मिनिटांत तो उठून पातेल्यात पातेली बसवायला लागला. हा सीन फुकट देते तुम्हाला, घ्या.

आणि एक गंमत सांगू का. तुमची ती ढॅणढॅण असते बघा, कुणी काही बोललं की कॅमेरा थडाथड तीन बाजूंनी जवळ येतो, एकच चेहरा तीनदा, पडदा पांढरा होतो, आवाज फाटतो. सगळे त्याच्यावर मीम करतात. मला मात्र ते बघून दरवेळी वाटतं की अरे, हे तर माझं झालं! मिक्सर चालू आहे, मागे टीव्ही, कुणीतरी नाव घेऊन हाक मारली, तेव्हा माझ्या डोक्यात जवळपास हेच होतं. म्हणजे तंत्र तुमच्याकडे वर्षानुवर्षं आहे, माझ्या डोक्याच्या आत शिरायचं, तुम्ही ते सगळं सासूच्या भुवईवर खर्च करताय.

कायद्याचं बोलायचं तर ८ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय. दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढणारे निपुण मल्होत्रा यांनी दिव्यांगांची टिंगल केली म्हणून आंख मिचोली सिनेमाविरुद्ध केस केली होती, तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या बेंचपुढे. सिनेमावर कारवाई नाही झाली, पण दिव्यांग माणसं पडद्यावर कशी दाखवावीत याची चौकट कोर्टाने घालून दिली. हिणवणारे शब्द नकोत, ग्रस्त-पीडित असली भाषा नको, वैद्यकीय माहिती तपासून घ्या, खोट्या समजुतींवर विनोद नकोत आणि चमत्कारी सुपरमाणूसही नको, आणि लिहिताना आमच्यातल्या लोकांना विचारा. आमच्यावर विनोद करूच नका असंही नाही, आमच्यासोबत हसणं आणि आम्हाला हसणं यातला फरक कोर्टाने केलाय. सेन्सॉर बोर्डाच्या नियमांतही १९९१ पासून आहे की अपंगांची टिंगल विनाकारण दाखवायची नाही. मालिका सेन्सॉरकडे जात नाहीत, तिथे चॅनेलनेच बघायचं असतं. मी चॅनेलला मेल केला. उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. बारा दिवस झाले.

तर मागण्या. एक, तो बरं झाल्याचा ट्रॅक मागे घ्या. कसा घ्यायचा ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येतं, मेलेली माणसं परत आणता तुम्ही. ते जमत नसेल तर एपिसोडच्या आधी सरळ मराठीत पाटी लावा की ऑटिझम मार लागून, नवसाने किंवा प्रेमाने जात नाही, ती पाटी वाचता येईल इतका वेळ ठेवा, सिगारेटच्या पाटीसारखी कोपऱ्यात नको.

पुढच्या वेळी असं पात्र लिहाल तेव्हा पहिल्या ड्राफ्टपासून ऑटिस्टिक माणूस खोलीत पाहिजे, शूटिंग संपल्यावर सल्लागार म्हणून फोटोपुरता नाही. आईबाप आणि थेरपिस्ट यांना जरूर विचारा, पण ते आमच्या बाहेरून बघतात. पैसे द्या आणि टायटलमध्ये नाव द्या, "आम्ही तुमच्यासाठीच करतोय ना" ऐकून कंटाळा आलाय.

ऑडिशन आम्हाला खुल्या ठेवा. होत नाही असं सांगू नका, २०१४ ला मराठीतच यलो झाला, डाऊन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळच्या गोष्टीत गौरी तीच होती, आणि पाण्यात तिने जे केलं ते कुठल्या नटीला जमलं असतं? अमेरिकेत कायला क्रोमर ही ऑटिस्टिक नटी २०२० पासून मालिकेत ऑटिस्टिक मुलीची मुख्य भूमिका करत होती. सेटवर लागतं ते फार नाही. सीन आदल्या दिवशी हातात द्या, ऐनवेळी बदलू नका, बसायला एक शांत कोपरा, आणि मोठा लाइट लावायच्या आधी सांगा. यातलं अर्धं तर बाकीच्या नटांनाही हवंच असेल.

मेल्टडाउनमध्ये माणसाला दाबून धरलेलं पुन्हा दाखवू नका. याच्यावर चर्चा नको.

आणि शब्द. स्वमग्न हा शब्द मला टोचतो, स्वतःत मग्न म्हणे, माझं अर्धं आयुष्य दुसऱ्यांना काय वाटेल याचा अभ्यास करण्यात गेलंय. पण काही आईबापांना तोच आपला वाटतो त्यामुळे त्यावर अडून बसत नाही. फक्त "वेडा आहे पण मनाने निर्मळ" हे वाक्य बंद करा. आमच्यातली काही माणसं मनाने अजिबात निर्मळ नसतात, मी आहे एक, मी जुनी भांडणं तारखेसकट लक्षात ठेवते.

गोष्टी नाहीत असं म्हणू नका. ताईने भाच्याच्या दिव्यांग सर्टिफिकेटसाठी सिव्हिलला किती चकरा मारल्या, सवलतींसाठी लागणारा ४० टक्के अपंगत्वाचा आकडा येतो की नाही म्हणून तिघं बाकड्यावर कसे बसलो होतो, आत गेल्यावर तो नेमका त्याच दिवशी शहाण्यासारखा का वागला, आणि बाहेर येऊन ताई हसावं की रडावं म्हणून माझ्याकडे कशी बघत होती, एवढ्यावर तुमचे पन्नास एपिसोड निघतील, आणि व्हिलनसुद्धा लागणार नाही.

आई अजून तीच मालिका बघते. मी शेजारी बसते, हेडफोन लावून.

उत्तर द्यायचं असेल तर लिहून द्या. फोन करू नका, फोन मी उचलत नाही.

आपली,
सांगलीची एक जुनी प्रेक्षक